पाच मिनिटांत आठ फेऱ्या

कार्यालयातलं इंटरनेट रेंगाळतंय, तक्रारी वाढताहेत, आणि ग्राफ मात्र म्हणतो की एक गिगाबिटची लाइन जेमतेम आठ टक्के वापरात आहे. बहुतेक जण अशा वेळी ग्राफवर विश्वास ठेवतात. राउटरनेच मोजलेला वेग चुकेल कसा, असा त्यांचा समज असतो. पण हा वेग राउटरने मोजलेलाच नसतो.

राउटर, स्विच, प्रिंटर, यूपीएस यांची खबरबात विचारण्याची एसएनएमपी ही पद्धत १९८८ पासून चालत आली आहे. निरीक्षण करणारा संगणक यूडीपी या छोटे संदेश पाठवण्याच्या पद्धतीने १६१ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे ठरलेल्या दारावर, प्रश्न पाठवतो आणि उपकरण एक आकडा परत देतं. ट्रॅफिकबद्दल विचारलं तर उत्तर येतं ते आजवर आत आलेल्या एकूण बाइट्सचं. विजेच्या मीटरसारखंच हे: मागचं रीडिंग, आताचं रीडिंग, दोन्हींतला फरक. त्या फरकाला मधल्या सेकंदांनी भागून वेग काढतो तो निरीक्षण करणारा संगणक.

इथवर सरळ आहे. खरी गंमत ही एकूण बेरीज ठेवणाऱ्या काउंटरच्या रुंदीत आहे. जुना काउंटर ३२ बिटांचा. तो ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जातो आणि पुढच्या बाइटला शून्यावर येतो. त्यामुळे एकवेळ काही बिघडत नाही. मागचं रीडिंग ४,२९,४९,६७,००० आणि आताचं ७०४ असेल, तर काउंटर शून्यावर यायला २९६ बाइट लागले, पुढे ७०४ आले, म्हणजे एकूण १,०००. वजाबाकी ऋण आली की दोनाचा बत्तिसावा घात मिळवायचा, उत्तर चोख येतं. हे गणित मला फार देखणं वाटतं.

पण दोन रीडिंगांच्या मध्ये काउंटर एकापेक्षा जास्त वेळा फिरला, तर ते कळायला कोणताच मार्ग उरत नाही. भरलेल्या १०० मेगाबिटच्या लाइनवर एक फेरी सुमारे ५.७ मिनिटांत होते, एक गिगाबिटवर ३४ सेकंदांत. रीडिंग मात्र अनेक ठिकाणी दर पाच मिनिटांनी घेतात. पाच मिनिटांत भरलेल्या गिगाबिट लाइनवरून ३,७५० कोटी बाइट जातात. त्यात काउंटरच्या आठ पूर्ण फेऱ्या होतात आणि वर सुमारे ३१४ कोटी उरतात. संगणकाला दिसतात फक्त ते उरलेले, आणि त्यावरून वेग निघतो ८४ मेगाबिट. आठ टक्के आले ते इथून! किंबहुना, या काउंटरवरून पाच मिनिटांनी काढलेला ग्राफ ११४.५ मेगाबिटच्या वर जाऊच शकत नाही. आपला ग्राफ नेमका त्या उंचीखाली घुटमळत असेल, तर संशय घ्यावा.

उपाय आहे आयएफ-एचसी-इन-ऑक्टेट्स नावाचा ६४ बिटांचा काउंटर. एक गिगाबिटवर तो भरायला साडेचार हजारांहून जास्त वर्षं लागतील. मात्र एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत ६४ बिटांचे काउंटर नाहीतच. म्हणून सेटिंगमध्ये किमान व्ही-टू-सी ही दुसरी आवृत्ती हवी.

‘नेट अडलं की राउटर बंद करून चालू करा’ हा तोडगा अंगारा लावावा तसा सर्रास वापरला जातो. त्याने बहुतेक उपकरणांवर काउंटर शून्यावर जातात, आणि निरीक्षण करणारी प्रणाली सावध नसेल तर ती याला नेहमीची फेरी समजून ग्राफवर नसलेला सुळका काढते. म्हणून प्रत्येक वेळी सिस-अप-टाइम, म्हणजे उपकरण सुरू होऊन किती वेळ झाला तो आकडाही वाचावा. तोही ३२ बिटांचा, सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजणारा, म्हणजे ४९७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येणारा. एआयच्या नावाने विकल्या जाणाऱ्या निरीक्षण प्रणालींनाही हेच आकडे मिळतात. हरवलेल्या फेऱ्या कोणतीही हुशारी परत आणू शकत नाही.

आता हे आकडे कोणाला वाचू द्यायचे? पहिल्या आवृत्तीत आणि व्ही-टू-सीमध्ये परवलीचा शब्द उघडाच प्रवास करतो, आणि अनेक उपकरणांवर तो वर्षानुवर्षं ‘पब्लिक’ असाच राहतो. त्याहून घातक ‘प्रायव्हेट’, कारण त्याने अनेकदा लिहिण्याची परवानगीही मिळते. अनोळखी माणूस आपल्या राउटरचा केबल जोडायचा पोर्ट दुरून बंद करू शकतो. शिवाय यूडीपीत पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालता येतो. छोट्या प्रश्नाचं भलंमोठं उत्तर तिसऱ्याच कोणावर आदळवण्याचे हल्ले असेच होतात.

म्हणून व्ही-थ्री ही तिसरी आवृत्ती घ्यावी, तीही ऑथ-प्रिव्ह पातळीवर, म्हणजे ओळख तपासणारी आणि मजकूर कूटबद्ध करणारी. प्रश्न विचारण्याची मुभा अॅक्सेस लिस्टमध्ये, म्हणजे परवानगी असलेल्या पत्त्यांच्या यादीत, फक्त निरीक्षण करणाऱ्या संगणकाच्या पत्त्याला द्यावी आणि परवानगी केवळ वाचण्याची ठेवावी. सगळं झालं की दुसऱ्याच संगणकावरून ‘पब्लिक’ शब्दाने प्रश्न पाठवून पाहावा. उत्तर आलं, तर एखादी जुनी ओळ अजून सेटिंगमध्ये शिल्लक आहे.