तिरंगा घेण्यापूर्वी

ध्वज बांधून देण्याआधी आम्ही तो उलटून मागची बाजूही आपल्याला दाखवतो. एकाच बाजूला छापलेले चक्र मागून पुसट दिसते. असा ध्वज आम्ही विकत नाही, आपणही कुठून घेऊ नये.

चक्र दोन्हीकडून सारखे दिसावे, हा विचार ध्वजाच्या रचनेतच आहे. १९३१ मध्ये काँग्रेसने स्वीकारलेल्या तिरंग्यावर चरखा होता. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीत ध्वजाचा ठराव मांडताना जवाहरलाल नेहरूंनी अडचण सांगितली: चरख्याच्या एका बाजूला चाक, दुसऱ्या बाजूला चाती, त्यामुळे मागून पाहिले की चित्र उलटे दिसते. म्हणून चाक तेवढे ठेवले आणि त्याचा नमुना सारनाथच्या अशोककालीन सिंहशीर्षावरून घेतला. हे चक्र चरख्याचेच प्रतीक आहे, असे ठरावात स्पष्ट लिहिले आहे. चोवीस आऱ्यांच्या त्या गडद निळ्या चक्रात सूत कातणारे असंख्य हात आहेत, असे आम्ही मानतो.

कोणता रंग कोणत्या धर्माचा, असे अनेक जण विचारतात. कोणताच नाही. रंगांना जातीय अर्थ नाही, हे १९३१ मध्येच ठरले: केशरी धैर्य आणि त्यागाचा, पांढरा सत्य आणि शांतीचा, हिरवा श्रद्धा आणि शौर्याचा. त्याआधीचा चरख्याचा झेंडा हाती घेऊन १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात नागपूरच्या रस्त्यांवर माणसे निघाली आणि तुरुंगात गेली. जमनालाल बजाज त्यांच्यापैकीच एक.

मापाचे सोपे आहे: लांबी आणि रुंदी ३:२. घरासाठी ९०० × ६०० मिलिमीटर पुरतो. डिसेंबर २०२१ पासून पॉलिस्टर आणि यंत्रावर तयार केलेले ध्वजही चालतात. पावसात पॉलिस्टर लवकर वाळतो, पण मनापासून विचाराल तर आम्ही खादीच सुचवू. नांदेडला खादीचे राष्ट्रध्वज तयार होतात. आगाऊ सांगितल्यास मागवून देऊ.

केशरी पट्टा नेहमी वर. ध्वज उभा लावायचा असेल, तर पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी. त्यावर काहीही लिहू नये. उलगडण्यापूर्वी आत फुलांच्या पाकळ्या ठेवायला हरकत नाही. जुलै २०२२ पासून घरावर तो रात्रीही ठेवता येतो.

फाटलेला किंवा विटलेला ध्वज लावू नका, कचऱ्यातही टाकू नका. तो एकांतात, शक्यतो जाळून, सन्मानाने पूर्णपणे नष्ट करावा. घरी सोय नसेल तर घडी घालून दुकानात आणून द्या.