टर्बो तेल सोडतोय की रिंगा गेल्यात?

पिकअप असो, ट्रॅक्टर असो की उसाचा ट्रक, टर्बो (सिलेन्सरकडच्या गॅसवर फिरून इंजिनात जादा हवा भरणारा पंखा) असलेलं डिझेल इंजिन निळा धूर सोडायला आणि ऑइल खायला लागलं की गॅरेजमध्ये दोनच निकाल ऐकू येतात: टर्बो गेला, नाहीतर पिस्टनच्या रिंगा गेल्या आणि इंजिन बांधायला (खोलून दुरुस्त करायला) आलं. दोन्ही बिघाडांत धुराचा रंग एकच, खर्चात मात्र मोठं अंतर. त्यातही अवघड भाग असा की एक बिघाड दुसऱ्याचं सोंग घेतो. रिंगा गेलेल्या इंजिनावर चांगला टर्बोही तेल सोडतो, आणि खराब टर्बो चेंबरमध्ये (पिस्टनखालच्या, ऑइल साठणाऱ्या भागात) इतकी हवा भरतो की रिंगाच गेल्यासारखं वाटतं. त्यामुळे धूर बघून पार्ट मागवू नये. तेल कुठून कुठे जातंय ते शोधावं आणि चेंबरमधला दाब मोजावा.

हे सोंग कसं वठतं ते आधी समजून घ्या. लहान डिझेल गाडीच्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या घेतो. त्या वेगाला आणि उष्णतेला रबरी सील टिकत नाही. शाफ्टच्या एका टोकाला सिलेन्सरच्या बाजूचा पंखा (टर्बाइन) आणि दुसऱ्या टोकाला हवा भरणारा पंखा (कॉम्प्रेसर) असतो. म्हणून सीलच्या जागी दोन्ही टोकांना पिस्टनच्या रिंगेसारख्या, पण अगदी बारीक धातूच्या रिंगा असतात. त्या तेल अडवतात ते मुख्यतः दाबाच्या फरकावर: पंख्यांच्या बाजूला दाब जास्त, मधल्या बेअरिंगच्या भागात कमी. बेअरिंगमधून आलेलं तेल परतीच्या जाड पाइपातून, कुठल्याही पंपाशिवाय, निव्वळ स्वतःच्या वजनानं चेंबरमध्ये उतरतं.

खरी मेख या परतीच्या पाइपात आहे. पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) झिजले की जळलेला गॅस पिस्टनखाली उतरतो, ज्याला आपण बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. चेंबरमध्ये दाब साठला की वरचं तेल खाली येत नाही, टर्बोच्या पोटात तुंबतं आणि सीलवरून दोन्ही बाजूंना निघतं. तिथं नवा टर्बो बसवला तरी तोही तेल सोडणार. ब्रीदर (चेंबरमधला गॅस बाहेर सोडणारी नळी) चोंदला, परतीचा पाइप दबला, किंवा जोडाला फासलेला सिलिकॉन पाइपात उतरून बसला, तरी परिणाम हाच. एअर फिल्टर चोंदला तर कॉम्प्रेसर उलट तेल ओढून घेतो. साखर कारखान्यावर नंबर लागेपर्यंत इंजिन तासन्‌तास स्लोवर ठेवलं तर पंख्यांकडे दाबच तयार होत नाही, मग ठणठणीत टर्बोसुद्धा थोडं तेल सोडतो आणि पहिल्या रेसला निळा लोट येतो. ब्रीदर, फिल्टर आणि परतीचा पाइप या तीन गोष्टी तासाभरात बघून होतात. त्या न बघता टर्बो खोलणं चुकीचं आहे.

आता तेलाचा माग. फिल्टरकडून टर्बोकडे येणारा होज काढा. कॉम्प्रेसरच्या पंख्याच्या अलीकडेच तेल ओलं असेल तर ते बहुतेक ब्रीदरमधून आलंय, कारण बऱ्याच इंजिनांत ब्रीदरची नळी याच होजला जोडलेली असते. तिथं पातळ थर असणं नेहमीचंच, पण तेल ठिबकत असेल तर बॅक कॉम्प्रेशनचा संशय घ्या. अलीकडे कोरडं आणि पलीकडे, इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपात तेल साचलेलं, असं असेल तर कॉम्प्रेसरच्या बाजूचं सील. नंतर सिलेन्सरची बाजू: टर्बोच्या पुढचा पाइप ओला पण एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातून टर्बोकडे धूर नेणारा भाग) कोरडा असेल तर टर्बाइनच्या बाजूचं सील गेलंय. मॅनिफोल्डच ओला असेल तर तेल इंजिनातून येतंय, मग ते रिंगांमुळे असो की व्हॉल्व्ह सीलमुळे. फक्त सकाळच्या स्टार्टला धूर येऊन थोड्या वेळात विरत असेल तर व्हॉल्व्ह सील आधी बघा.

शाफ्टचा प्ले बघताना गल्लत फार होते. तेलावर तरंगणाऱ्या साध्या बेअरिंगचा शाफ्ट इंजिन बंद असताना वर-खाली थोडा हलतोच. पंखा बाहेरच्या घराला घासत नसेल तर एवढ्यावरून टर्बो बाद करू नका. आत-बाहेरचा प्ले मात्र मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आत असतो. तो हाताला स्पष्ट जाणवला तर थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टला आत-बाहेर सरकू न देणारं) संपलंय.

दाब मोजायला दोन मीटर पारदर्शक नळी पुरते. ती फळीवर यू आकारात बांधा, निम्म्यापर्यंत पाणी भरा आणि एक टोक ऑइलच्या पट्टीच्या भोकात घट्ट बसवा. काही इंजिनांत चेंबरमध्ये किंचित ओढ असते, म्हणून नळी उंच ठेवा, पाणी आत जाता कामा नये. इंजिन गरम करून आधी स्लोवर, मग २,५०० आरपीएमला दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक बघा. नेमकी मर्यादा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असते, पण ब्रीदर मोकळा असून १०-१५ सेंटीमीटर फरक पडत असेल तर दाब नक्कीच जास्त आहे. ऑइलचं झाकण उघडून ते उडतंय का बघणं ही कच्ची परीक्षा आहे.

दाब जास्त निघाला तरी रिंगांवर लगेच शिक्का मारू नका. टर्बोचा परतीचा पाइप चेंबरपासून सोडवून डब्यात धरा, चेंबरचं भोक बंद करा आणि इंजिन स्लोवर जेमतेम अर्धा मिनिट चालवा. ऑइल वेगानं बाहेर येतं, त्यामुळे नंतर पातळी भरून घ्या. या अर्ध्या मिनिटात पाण्यातला फरक एकदम कमी झाला तर हवा टर्बोकडून येत होती. तसाच राहिला तर हीटर प्लगच्या भोकातून, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला (सर्वांत वर, व्हॉल्व्ह बंद) आणून, गॅरेजच्या हवेच्या कॉम्प्रेसरची हवा सोडा आणि ऐका. पट्टीच्या भोकातून फुसफुस आली तर रिंग-लायनर, सिलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट.

निकाल टर्बोचा लागला तर नुसत्या त्याच्या रिंगा-बेअरिंग बदलून टर्बो परत जोडू नये. बॅलन्सिंग मशीनवर तपासलेली पूर्ण कार्ट्रिज (शाफ्ट, पंखे आणि बेअरिंगचा मधला भाग) घ्या. तेल देणारा बारीक पाइप कार्बनने अरुंद झालेला असतो, तो नवाच घाला. बँजो बोल्टमध्ये (तेलाच्या पाइपाच्या पोकळ बोल्टमध्ये) जाळी असेल तर तीही बघा. तेलाच्या जोडांना सिलिकॉन अजिबात नको. इंटरकूलर उतरवून धुवा आणि पूर्ण वाळवा. आत साचलेलं तेल इंजिनानं ओढलं तर इंजिन चावी बंद करूनही थांबत नाही, रेस वाढतच जाते. अशा वेळी ब्रेक दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडा, किंवा हवेचं तोंड फळीनं बंद करा. हात लावू नका. बसवल्यावर टर्बोत तेल ओता, पंखा हातानं फिरवा, डिझेल बंद ठेवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारा आणि मगच स्टार्ट करा.

निकाल रिंगांचा लागला तर बोअर (लायनरचा आतला व्यास) वर, मध्ये, खाली, दोन्ही दिशांना बोअर गेजनं मोजा. गोलाईतला फरक किंवा निमुळतेपणा मर्यादेबाहेर असेल तर नव्या रिंगा टाकून काही साधत नाही, नवा लायनर किंवा ओव्हरसाइजच (बोअर मोठा करून मोठा पिस्टन) लागतो. रिंग बोअरमध्ये सरळ ढकलून फिलर गेजनं गॅप बघा. ८३ मिलिमीटरच्या बोअरला वरच्या रिंगेचा गॅप साधारण ०.२५ ते ०.४० मिलिमीटर. होनिंगनंतर (बोअर दगडानं घासून बारीक रेषा पाडल्यावर) बोअर साबणाच्या गरम पाण्यानं, पांढरं फडकं पांढरं राहीपर्यंत धुवा, कारण रॉकेलनं होनिंगची कणी निघत नाही. लगेच ऑइल लावा, नाहीतर गंज धरतो. तिन्ही रिंगांची तोंडं १२० अंशांवर ठेवा. नवं इंजिन तासभर स्लोवर ठेवण्याची सवय सोडा, त्यानं लायनरला चकाकी येते आणि रिंगा बसत नाहीत. हलका, कमी-जास्त होणारा लोड द्या आणि पहिलं ऑइल लवकर बदला.

माण, खटाव, जत, आटपाडी अशा दुष्काळी, धुळीच्या तालुक्यांकडे चालणाऱ्या गाड्यांचं एक वेगळं बघावं लागतं. कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या पुढच्या कडा बोथट, खाल्लेल्या दिसल्या तर फिल्टरनंतरच्या होजमधून किंवा क्लिपमधून धूळ आत गेलीय, आणि तीच धूळ लायनरही खाऊन बसलेली असते. तिथं दोन्ही कामं निघतात. आधी होज आणि फिल्टरचं घर बदला, मग इंजिन बांधा, आणि कार्ट्रिज शेवटी चढवा.