स्पिलव्हिलमध्ये रचलेले क्वार्टेट : पार्श्वभूमी

चेक संगीतकार आंतोनिन द्वोर्झाक यांचे बारावे स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो यांच्यासाठी १८९३ मध्ये लिहिलेली ओपस (म्हणजे रचनाक्रमांक) ९६ ही रचना, ‘अमेरिकन’ या नावाने ओळखली जाते. तिची पहिली चाल ऐकताच सांगली-मिरजेच्या श्रोत्याला भूप आठवावा हे साहजिक आहे, कारण ती सुरावट सा, रे, ग, प, ध या पाचच स्वरांत फिरते. रागविस्ताराची अपेक्षा मात्र येथे ठेवू नये. ही पंचस्वरी वळणे अमेरिकेतली की बोहेमिया या चेक लोकांच्या मूळ प्रदेशातली, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. रचना ज्या गावात झाली ते गावच निम्मे बोहेमियाचे होते, हे लक्षात घेतले तर या वादाला फारसा अर्थ उरत नाही, असे मला वाटते.

न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरी या संगीतविद्यालयाचे संचालकपद स्वीकारून द्वोर्झाक सप्टेंबर १८९२ मध्ये अमेरिकेला गेले. पुढच्या उन्हाळ्यात, मायदेशाची ओढ लागलेली असताना, त्यांचे सहायक योसेफ कोवार्झीक यांनी त्यांना आयोवा राज्यातील आपल्या स्पिलव्हिल या गावी नेले. वस्ती बहुतेक चेक, व्यवहाराची भाषा चेक, आणि सहायकाचे वडील तेथील शाळामास्तर व चर्चच्या गायनाचे प्रमुख. पहाटे ओढ्याकाठी फिरायचे आणि मग सेंट वेन्सेस्लॉस चर्चमध्ये सकाळच्या उपासनेला ऑर्गनवर बसून जुनी चेक स्तोत्रे वाजवायची, असा द्वोर्झाक यांचा क्रम ठरून गेला. नामवंत कलावंताने बिदागीचा विचार न करता हजेरी लावावी यातले मोल, ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसातील संगीतसभा ऐकत आलेल्या मिरजकरांना निराळे सांगायला नको.

५ जूनला गावात पोहोचलेल्या द्वोर्झाक यांनी ८ जूनला लेखनाला हात घातला आणि तीन दिवसांत कच्चा आराखडा पुरा केला. त्याखाली त्यांनी देवाचे आभार मानून, आपण समाधानी आहोत व काम झपाट्याने झाले, अशी नोंद केली. २३ जूनला संपूर्ण रचना तयार होती. आरंभीची चाल व्हायोलाकडे आहे. तरुणपणी प्रागच्या नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात ते स्वतः व्हायोलाच वाजवीत. तिसऱ्या भागात पहिल्या व्हायोलिनच्या टिपेच्या स्वरांत रानातल्या एका पक्ष्याची शीळ येते. लाल अंगाचा, काळ्या पंखांचा तो पक्षी स्कार्लेट टॅनेजर असल्याचे परंपरेने सांगतात, पण ही शीळ व्हिरिओ या दुसऱ्याच पक्ष्याची असल्याचेही अलीकडे मांडले गेले आहे. शेवटच्या भागात लय भरधाव असताना मध्येच चौघे संथ, एकत्र स्वरसमूहांत वाजवू लागतात, तेथे चर्चमधल्या ऑर्गनची सावली जाणवते.

रचना पहिल्यांदा वाजली ती गावातच: पहिले व्हायोलिन स्वतः द्वोर्झाक, दुसरे शाळामास्तर, व्हायोला मास्तरांची मुलगी आणि चेलो त्यांचा मुलगा, म्हणजे सहायक योसेफ. जाहीर मैफल मात्र १ जानेवारी १८९४ रोजी बोस्टनमध्ये नाइझेल क्वार्टेटने केली. तोवर त्याच उन्हाळ्यात स्पिलव्हिलमध्ये आणखी एका व्हायोलाची भर घालून लिहिलेले ओपस ९७ हे पंचवाद्यही तयार झाले होते.