स्वतंत्र संचालक आणि नॉमिनी संचालक: अकाउंट अ‍ॅग्रीगेटर कंपनीत गल्लत कुठे होते

अकाउंट अ‍ॅग्रीगेटर म्हणजे ग्राहकाच्या संमतीने त्याचा आर्थिक डेटा एका संस्थेकडून दुसरीकडे पोचवणारी कंपनी. बीकेसीतल्या अशा एखाद्या फिनटेकमध्ये गुंतवणूकदार फंड आपला माणूस संचालक मंडळावर पाठवतो; हा नॉमिनी संचालक. तो पगारावर नसतो, म्हणून त्याच्या नावापुढे ‘स्वतंत्र’ लिहून मोकळे होतात. हे चूक आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १४९(६) मधली व्याख्याच नॉमिनी संचालकाला वगळून सुरू होते. माणूस कितीही निःपक्ष असो, तो स्वतंत्रांत मोजता येत नाही.

नॉमिनीची नेमणूक सोपी. गुंतवणूक करारात हक्क, आर्टिकल्समध्ये (कंपनीच्या नियमावलीत) तशी सोय, फंडाचं पत्र आणि कलम १६१(३) खाली मंडळाचा ठराव.

स्वतंत्र संचालकासाठी मात्र आधी छाननी. नाव आयआयसीए या सरकारी संस्थेच्या स्वतंत्र संचालकांच्या डेटाबँकेत हवं. नातेवाइकांसह मतदान हक्क २ टक्क्यांच्या आत हवा. मागच्या तीन आर्थिक वर्षांत तो कंपनीचा कर्मचारी किंवा तिच्या ऑडिटर फर्मचा भागीदार नसावा. खरी अडचण कायदे-सल्लागारांची: कंपनीकडून मिळालेली फी त्यांच्या फर्मच्या ढोबळ उलाढालीच्या १० टक्के झाली की ते बाद. फर्म लहान असेल तर दोन-चार बिलांतच ही रेषा ओलांडली जाते, म्हणून बिलं काढून आकडा मांडूनच पुढे जा. दुसरी चूक स्टॉक ऑप्शनची, म्हणजे ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घेण्याच्या हक्काची. रोख कमी असलेल्या स्टार्टअपला तो मार्ग सोयीचा वाटतो, पण स्वतंत्र संचालकाला ते देता येत नाहीत. सिटिंग फी, म्हणजे बैठकीला हजर राहण्याचं मानधन, देता येते, बैठकीमागे कमाल १ लाख रुपये.

मग डीआयआर-२ या फॉर्मवर संमती, स्वातंत्र्याचं घोषणापत्र, सर्वसाधारण सभेची मान्यता आणि नेमणुकीपासून ३० दिवसांत कंपनी निबंधकाकडे डीआयआर-१२ हा फॉर्म. मुदत सलग ५ वर्षांपर्यंत, पुढची मुदत विशेष ठरावानेच.

भरणा झालेलं भांडवल १० कोटी किंवा उलाढाल १०० कोटी असलेल्या, शेअर बाजारात नोंद नसलेल्या पब्लिक कंपनीला किमान दोन स्वतंत्र संचालक लागतात. प्रायव्हेट लिमिटेडवर कायद्याचं हे बंधन नाही. तरीही अकाउंट अ‍ॅग्रीगेटरने ते नेमावेत, असं आमचं ठाम मत आहे. ग्राहकाचा डेटा या कंपनीला वाचता येत नाही, साठवताही येत नाही. पण दर काय लावायचे, कुणाला आधी जोडायचं, हे मंडळच ठरवतं. आणि भागधारक बँक तिथे डेटा देणारी असते, घेणारीही असते. तिचा नॉमिनी दरांच्या चर्चेत बसला, तर ग्राहकाच्या बाजूने बोलायला कोणीतरी हवंच. प्रायव्हेट कंपनीत हितसंबंध जाहीर केल्यावर संचालकाला चर्चेत भाग घेण्याची मुभा आहे, त्यामुळे अशा वेळी बाहेर बसण्याची अट आर्टिकल्समध्येच लिहून घ्या.

शेवटचा फरक रिझर्व्ह बँकेकडचा. एनबीएफसीत, म्हणजे बँक नसलेल्या वित्तीय कंपनीत (अकाउंट अ‍ॅग्रीगेटरही त्यातच मोडतो), ३० टक्क्यांहून जास्त संचालक बदलणार असतील तर पूर्वपरवानगी लागते. या हिशेबात स्वतंत्र संचालक धरत नाहीत, नॉमिनी धरतात. स्वतंत्र सोडून पाच संचालक असतील आणि फंडांनी दोन नॉमिनी एकदम बदलले, तर ४० टक्के बदल होतो. तेव्हा अर्ज आधी, मंडळाचा ठराव नंतर.