सर्कशीच्या डब्यावरचा शेंदूर

मारुतीच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या चढलेला शेंदूर आणि अमेरिकेतल्या जुन्या सर्कसगाडीच्या पत्र्यावरचा पहिला नारिंगी हात, रसायनशास्त्राच्या लेखी दोन्ही एकच: शिशाचं ऑक्साइड. लोखंड गंजू नये म्हणून पुलांना आणि रेल्वेच्या डब्यांना एके काळी शेंदराचं अस्तर देत. त्यावर सर्कसवाले डोळे दिपवणारे रंग चढवत, आणि त्यातला भडक पिवळा बहुतेक वेळा शिशाचाच क्रोमेट असे.

अमेरिकेत बार्नमची सर्कस 1872 मध्ये रुळांवर आली. तंबू, हत्ती, घोडे, स्वयंपाकघर, सगळं गावोगाव आगगाडीनं फिरे. रेल्वे कंपन्या भाडं लांबीवर नव्हे, डब्यामागे घेत, म्हणून सर्कसवाल्यांनी सत्तर-सत्तर फुटी डबे बांधून घेतले (हिशेबी डोकं मालकाचंच!). रिंगलिंग बंधूंच्या सर्कशीची आगगाडी मे 2017 मध्ये कायमची थांबली. असे काही डबे आज संग्रहालयांत उभे आहेत. विस्कॉन्सिनमधलं बॅराबू हे रिंगलिंग बंधूंचं जुनं हिवाळी मुक्कामाचं गाव. तिथे सर्कशीचं मोठं संग्रहालय आहे. फ्लोरिडातल्या सारासोटाला जॉन रिंगलिंग यांचा 1905 चा खासगी डबा पाहायला मिळतो. अशा जुन्या डब्यांची डागडुजी पुष्कळदा हौशी लोक करतात: निवृत्त फिटर, शिक्षक, शनिवार-रविवार मोकळे असलेले कुणीही.

ही मंडळी गंजलेल्या खिळ्याला जपतात, धनुर्वाताची सुई घेतात. खरी भीती दिसत नाही अशा गोष्टींची आहे.

धड चिकटलेला शिशाचा रंग सहसा काही करत नाही. तो कोरडा खरवडला, पॉलिशपेपरनं घासला की त्याची धूळ होते. ब्लोलॅम्प लावला तर आणखी वाईट, कारण ज्योतीच्या उष्णतेनं शिशाची वाफ होते आणि ती श्वासावाटे थेट रक्तात उतरते. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवून ठेवतं, दशकानुदशकं. म्हातारपणी हाडं झिजू लागली की तेच शिसं पुन्हा रक्तात येतं. शिवाय ही धूळ कपड्यांवरून घरी जाते आणि नातवंडांच्या हातातोंडाला लागते. लहान मुलाच्या मेंदूला फार थोडं शिसंही पुरतं. कारखान्यातल्या कामगारासाठी अमेरिकेत हवेतल्या शिशाची मर्यादा ठरलेली आहे: आठ तासांच्या सरासरीत घनमीटरमागे 50 मायक्रोग्रॅम. पण बिनपगारी स्वयंसेवक त्या कायद्याच्या व्याख्येत सहसा कामगारच नसतो. मला तर हीच सगळ्यांत मोठी फट वाटते. त्यावरचे उपाय महागडे नाहीत: रंग ओला करून खरवडायचा, बारीक धूळ अडवणारा मास्क घट्ट बसवायचा, कपडे तिथेच बदलायचे आणि हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला शिवायचं नाही.

जुन्या प्रवासी डब्यांत वाफेच्या नळ्यांनी ऊब येई. त्या नळ्यांवरचं पांढुरकं वेष्टण बऱ्याचदा ॲस्बेस्टॉसचं. त्याचे तंतू फुप्फुसात अडकले तर आजार वीस ते पन्नास वर्षांनी उमटतो. इथे हौशी माणसानं हात घालूच नये, परवानाधारकाला बोलवावं.

आता गुरुत्वाकर्षणाकडे येऊ. बोगी म्हणजे खरं तर डब्याखालचा चाकांचा सांगाडा, आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो. डब्याचं धड या सांगाड्यावर मुख्यतः स्वतःच्या वजनानंच बसलेलं असतं. त्यामुळे नुसत्या जॅकवर उचललेल्या डब्याखाली शिरणं म्हणजे काळाच्या जबड्यात मान देणं. खाली लाकडी ठोकळ्यांचा भक्कम चौथरा रचावाच लागतो. आणि डबा उभा आहे म्हणजे स्थिर आहे असंही नाही. पोलादी चाकाला पोलादी रुळावर विरोध अगदी कमी होतो, रोलर बेअरिंग असेल तर टनामागे जेमतेम दोन किलोचा जोर. म्हणजे तीस टनांचा डबा एकदा हलला की साठ किलोंच्या जोरावर चालत राहतो. पाचशे मीटरला एक मीटर उतारही त्याला पुरे, आणि तो डोळ्यांना कळतसुद्धा नाही.

मग ब्रेक? हवेच्या ब्रेकमध्ये टाकीतली दाबाखालची हवा दट्ट्या ढकलून ब्रेक चाकाला दाबून धरते. जुनी सीलं झिरपतात, दाब हळूहळू उतरतो आणि पकड सुटते. कॅनडातल्या लाक-मेगांतिकला 6 जुलै 2013 च्या रात्री उभ्या करून ठेवलेल्या तेलगाडीचं हेच झालं. इंजिन बंद केलं गेलं, हवा गळत गेली, लावलेले हँडब्रेक अपुरे पडले आणि गाडी उतारावरून गावात घुसली. 47 माणसं दगावली. ती तर रोजच्या वापरातली गाडी होती, चाळीस वर्षं यार्डात पडलेला डबा नव्हे. म्हणून हँडब्रेक आवळायचा, त्यावरही विश्वास न ठेवता चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी लावायच्या.

अमेरिकी रेल्वेत यासाठी एक जुनी रीत आहे, निळ्या निशाणाची. डब्याखाली कुणी काम करत असेल तर तिथे निळं निशाण लागतं. ते असेपर्यंत त्या डब्याला इंजिन जोडायचं नाही, धक्काही द्यायचा नाही. आणि निशाण काढायचं ते लावणाऱ्यांच्याच गटातल्या माणसानं, स्टेशनमास्तर कितीही घाईत असला तरी.