सात फुटांचा कालवा : नॅरोबोटीच्या प्रवासामागचा इतिहास

इंग्लंडमध्ये नॅरोबोटीत, म्हणजे कालव्यातल्या अरुंद बोटीत, एक दिवस काढायचा म्हणजे सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या टोकाला सुकाणूचा दांडा धरून उभे राहायचे आणि संध्याकाळपर्यंत फार तर २५-३० किलोमीटर पुढे सरकायचे. वेगमर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटर. काठावरून कुत्रा फिरवणारा माणूस बराच वेळ बोटीच्या बरोबरीने चालतो. बोटीची लांबी ७० फुटांपर्यंत, रुंदी मात्र सात फुटांच्याही आत. हा आकार कोणाच्या हौसेतून आलेला नाही. तो ठरला कोळशाने, मातीच्या भांड्यांनी आणि पाण्याच्या काटकसरीने.

कालवा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर धरणातून शेताकडे धावणारे पाटाचे पाणी येते. इंग्लंडच्या या कालव्यांत पाणी जवळजवळ उभे असते, धावायचा तो माल. अठराव्या शतकात तिथले रस्ते पावसात चिखलाने भरत. अशा रस्त्यावर जो घोडा एक-दोन टन जेमतेम ओढी, तोच काठावरून दोराने बोट ओढताना सहज २५ टन नेई. ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर यांना वर्स्लीच्या आपल्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला न्यायचा होता. १७६१ साली त्यांचा कालवा बार्टन येथे अरवेल नदीवरून जलसेतूने पलीकडे गेला. खाली नदीत नावा आणि वर हवेत नावा, हे बघायला लोक लांबून येत. मँचेस्टरमध्ये कोळशाचा भाव जवळपास निम्म्यावर आला आणि सगळ्या देशाला कालव्यांचे वेध लागले.

या कालव्याचे काम पाहणारा जेम्स ब्रिंडली मूळचा गिरण्यांची यंत्रे बांधणारा कारागीर. लिहिणे-वाचणे बेताचेच, हिशेब डोक्यात. त्याचे पुढचे मोठे काम ट्रेंट अँड मर्सी कालवा. त्यामागे जोशाया वेजवूड हे कुंभारकामातले बडे उद्योजक होते. रस्त्याच्या धक्क्यांनी फुटणाऱ्या भांड्यांना शांत पाणी मानवणारे होते. १७६६ मध्ये वेजवूड यांनीच पहिली कुदळ मारली. वाटेत हेअरकासलची टेकडी होती. तिच्या पोटातून अडीच किलोमीटरहून लांब बोगदा काढायला ११ वर्षे लागली. ब्रिंडली १७७२ मध्येच वारला, कालवा पुरा झाला १७७७ मध्ये. एवढा लांब बोगदा रुंद खणणे परवडणारे नव्हते. तो अरुंद म्हणून बोट अरुंद, आणि बोट अरुंद म्हणून लॉकही, म्हणजे बोटीला वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेणारे हौदही, सुमारे सात फुटांचेच.

दुसरे कारण पाण्याचे, आणि मला ते जास्त मोलाचे वाटते. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला विटांचा किंवा दगडी हौद. वर चढणारी बोट आत शिरली की मागची दारे मिटतात. एक जण काठावर उतरतो, विंडलास नावाचे वाकवलेले लोखंडी हँडल बसवून फिरवतो. खटखट करत झडप उचलली जाते, वरचे पाणी उसळत आत येते आणि बोट भिंतीला घासत वर चढू लागते. हौद भरला की दाराच्या लांब तुळईला पाठ लावून, पाय रोवून रेटायचे. पातळीत चार बोटांचा फरक असेल तरी दार हलत नाही. पाणी समान झाले की तेच अजस्र दार एकटा माणूस उघडतो. पण दर खेपेला लाखभर लिटरहून जास्त पाणी खालच्या अंगाला जाते, आणि कालव्याच्या सर्वांत उंच भागाला ते तलावांतूनच पुरवावे लागते. लॉक दुप्पट रुंद असते, तर खर्चही दुप्पट झाला असता.

वळणांचेही तसेच. ब्रिंडली टेकडी फोडण्याऐवजी तिला वळसा घाली, म्हणजे पातळी राखता येई. ऑक्सफर्ड कालव्याचा उत्तर भाग इतका वळणावळणाचा होता की १८३० च्या सुमारास तो सरळ करताना सुमारे १४ मैल वाचले.

तोवर रेल्वे आली होती. मालाचे दर पडले, नाविकांची मिळकत घटली. घरभाडे परवडेना, तशी बायकामुले बोटीवर राहायला आली. राहायची जागा म्हणजे मागची खोली, जेमतेम दहा फूट लांब. दाराशी कोळशाची शेगडी, फळी खाली पाडली की टेबल, रात्री आडवा उघडणारा पलंग. आणि दारांवर, डब्यांवर, पाण्याच्या कॅनवर रंगवलेले गुलाब आणि किल्ले. त्या चित्रांचे आज कौतुक होते ते योग्यच. पण त्याच खोलीत चार-पाच मुले वाढत आणि बोट एका जागी थांबत नसल्याने शाळेला मुकत. १८७७ आणि १८८४ च्या कायद्यांनी बोटीवर किती माणसे राहू शकतील यावर मर्यादा आली, तपासणी सुरू झाली, मुलांच्या शिक्षणाचा विचार झाला. या लोकांच्या श्रमाची आठवण ठेवल्याशिवाय हा इतिहास सांगू नये असे मला वाटते.

१९४८ मध्ये बहुतेक कालवे सरकारजमा झाले. १९६२-६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात पाणी आठवडेच्या आठवडे गोठून राहिले आणि नॅरोबोटींची उरलीसुरली मालवाहतूकही जवळपास संपली. कालवे बुजवून टाका, असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. ते बुजले नाहीत, कारण टॉम रोल्ट आणि रॉबर्ट एकमन यांच्यासारख्यांनी १९४६ मध्ये संघटना उभारून लढा दिला. गावोगावचे स्वयंसेवक सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन गाळात उतरले. १९६८ च्या कायद्याने बऱ्याच कालव्यांना नौकाविहाराचे जलमार्ग म्हणून मान्यता दिली. २०१२ पासून इंग्लंड-वेल्समधले सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग एक धर्मादाय न्यास सांभाळतो.

जुन्या पुलाखालून जाताना घोड्याच्या वाटेकडचा कोपरा नीट पाहावा. तिथे दगडात किंवा ओतीव लोखंडाच्या पट्टीत खोल, गुळगुळीत खाचा दिसतात. वाळूने माखलेले ओले दोर वर्षानुवर्षे घासून त्या पडल्या आहेत. काहींत करंगळी सहज मावते.