गवत खाणाऱ्यांना रेबीज होत नाही?

पिसाळतो तो कुत्रा, फार तर कोल्हा. चरणाऱ्या जनावराला रेबीज कसला, हा समज जुना आहे आणि चुकीचाही. हा विषाणू कोणत्याही सस्तन प्राण्याला गाठू शकतो. नामिबियात १९७७ पासून कुडू या मोठ्या कुरंगांमध्ये अशी साथ पसरली की ते हजारोंनी मेले. चावलं कोण? बहुधा कोणीच नाही. काटेरी झुडपं खाताना तोंडाला जखमा होतात, त्यांतून एकाची लाळ दुसऱ्याला बाधली असावी, असा अंदाज आहे. २०२४ मध्ये तर दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या सील या समुद्री सस्तन प्राण्यांमध्येही रेबीज सापडला. (साप, पाली मात्र यातून सुटल्या; त्या सस्तन नाहीत.) म्हणून गाय लाळ गाळू लागली, तिला गिळता येईना, तर घशात काही अडकलंय समजून उघडा हात घालू नका, आधी पशुवैद्यांना बोलवा.